वनमित्र गट (ब्रिटन)

ब्रिटनमधील एखाद्या प्राचीन वनात नियमित जाणाऱ्या स्थानिक रहिवाशांनी त्याच्या देखभालीसाठी स्थापन केलेली स्वयंसेवी संघटना. अशा गटाचे नाव बहुधा ‘फ्रेंड्स ऑफ’ आणि पुढे त्या वनाचे नाव असे असते. जमीन सहसा गटाच्या मालकीची नसते. ती नगरपालिकेची, वुडलँड ट्रस्टसारख्या (स्थापना १९७२) धर्मादाय संस्थेची किंवा एखाद्या खाजगी मालकाची असते, आणि गट मालकाच्या संमतीने तेथे काम करतो. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वार्षिक सभा, नाममात्र वर्गणी आणि स्वयंसेवकांचा विमा एवढ्यावर बहुतेकांचा कारभार चालतो.

प्राचीन वनाची व्याख्या सरकारी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये इ. स. १६०० पासून आणि स्कॉटलंडमध्ये १७५० पासून जेथे सलग वन आहे, ती जागा प्राचीन मानतात. ही वर्षे उपलब्ध जुन्या नकाशांच्या आधाराने ठरली आहेत. त्याआधी नवी वने लावण्याची रीत विरळ होती, त्यामुळे तेव्हा नकाशावर असलेले वन त्याहून बरेच जुने असण्याची शक्यता मोठी. देशाच्या जमिनीपैकी सुमारे २.५ टक्के जमीनच अशा वनांखाली उरली आहे. येथे वय मोजतात ते जागेचे. उभी झाडे तरुण असू शकतात. शतकानुशतके न नांगरलेली माती, तिच्यातील बुरशीचे जाळे आणि बियांचा साठा पुन्हा तयार करता येत नाही. म्हणूनच विसाव्या शतकात ओक तोडून सूचिपर्णी झाडे लावलेली वनेही या गणनेत धरली जातात.

अशा वनांची सरकारी नोंदवही १९८१ पासून तयार होऊ लागली, पण तीत सुरुवातीला दोन हेक्टरांहून लहान वने बहुतांशी आली नाहीत. शहरांच्या पोटात राहिलेले तुकडे नेमके असेच असतात. त्यांचे प्राचीनत्व दाखवायचे तर जुने नकाशे, वनाच्या हद्दीवरचे मातीचे बांध व चर, आणि अतिशय सावकाश पसरणाऱ्या वनस्पती (वुड ॲनिमोन, ब्लूबेल, हर्ब पॅरिस) असा पुरावा गोळा करावा लागतो. हे काम करायला त्या वनात रोज फिरणाऱ्यांइतके योग्य दुसरे कोणी नाही. शेफील्डच्या एक्लसॉल वुड्समध्ये कोळशाच्या भट्ट्यांचे सपाट ओटे आणि शिसे वितळवण्यासाठी लाकूड भाजून सुकवण्याचे खड्डे आजही दिसतात. १७८६ मध्ये आपल्या झोपडीत जळून मेलेल्या जॉर्ज यार्डली या कोळसेवाल्याचा स्मृतिदगडही तेथे आहे. ही वने मानवी स्पर्शावाचून राहिलेली होती, असा समज त्यामुळे टिकत नाही.

गटाचे मुख्य काम, नवख्याला चकित करील असे, तोडण्याचे असते. हेझल, ॲश, हॉर्नबीम ही झाडे जमिनीलगत तोडली की बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, उसाच्या खोडव्यासारखे. या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. हेझल साधारण सात ते दहा वर्षांनी तोडतात. सफकमधील ब्रॅडफील्ड वुड्समध्ये ही तोड १२५२ पासून चालू आहे. तोडलेल्या भागात ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, फुले येतात आणि फुलांमागे फुलपाखरे येतात. कुंपणाच्या काठ्या व कोळसा यांची मागणी संपल्यावर तोड थांबली, वने गर्द व काळोखी झाली आणि उन्हावर जगणारे जीव कमी झाले. तेव्हा पूर्वी पोटासाठी होणारे काम आता लोक रविवारी हौसेने करतात. काम हिवाळ्यात चालते, कारण वसंतात पक्षी घरटी करतात. हत्यारे बहुधा हाताची असतात. यांत्रिक करवत प्रशिक्षितांच्याच हाती देतात. एका तिमाहीत पाच घनमीटरांहून अधिक लाकूड पाडायचे असेल, तर सहसा वनखात्याचा परवाना लागतो.

दुसरे काम नको असलेले उपटण्याचे. तेरड्याच्या प्रजातीतील हिमालयन बाल्सम १८३९ मध्ये बागेसाठी ब्रिटनमध्ये आणला गेला आणि ओढ्याकाठी माजला. शेंगा फुटण्याआधी तो मुळासकट काढावा लागतो. भेकराचा चिनी भाईबंद असलेले मुंटजॅक हरीण कोवळे धुमारे खाऊन टाकते. त्याच्यापुढे स्वयंसेवकांचे फारसे चालत नाही. कुंपण घालणे एवढेच हाती असते.

सर्वांत नाजूक प्रश्न आनंद घेण्याचाच आहे. एप्रिलअखेर व मे महिन्यात ब्लूबेलचा निळा गालिचा पाहायला गर्दी होते. पायाखाली चिरडलेली पाने अन्न तयार करू शकत नाहीत आणि कंद सावरायला वर्षे लागतात. ‘प्रवेश बंद’ची पाटी फार काळ कोणी जुमानत नाही. त्यापेक्षा तोडलेल्या फांद्या रचून केलेली वई आडवाटा बंद करायला अधिक उपयोगी पडते; शिवाय रेन पक्षी व कीटक तीत राहतात. पहाटेचे पक्षिगान ऐकण्याच्या, वटवाघळांच्या आणि शरद ऋतूत भूछत्रांच्या सहली गट स्वतःच भरवतात, म्हणजे माणसे वाटेवर राहतात आणि नवे सदस्यही मिळतात.

बांधकामाच्या अर्जांवर हरकत घेणे हेही गटांच्या वाट्याला येते. इंग्लंडच्या नियोजन धोरणात प्राचीन वन ‘भरून न येणारा अधिवास’ आहे. २०१८ पासून संपूर्णतः अपवादात्मक कारण असल्याशिवाय त्याची हानी करणारा प्रकल्प नाकारावा, असा दंडक आहे, आणि वनाभोवती किमान १५ मीटरांचा पट्टा सोडण्याचा सल्ला आहे. मात्र राष्ट्रीय महत्त्वाचे रेल्वेमार्ग व रस्ते हे अपवादात बसू शकतात. लोकांच्या चिकाटीला यशही आले आहे: लंडनच्या ऑक्सलीज वुडमधून जाणारा रस्ता रहिवाशांच्या दीर्घ विरोधानंतर सरकारने १९९३ मध्ये सोडून दिला.

२०१२ मध्ये ब्रिटनच्या वनांत आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने ॲशची झाडे वाळू लागली आहेत. वाटेलगतची धोकादायक झाडे मालक पाडतो. आतली उभी वाळकी खोडे भुंगेऱ्यांसाठी व सुतार पक्ष्यांसाठी ठेवावीत, असा गटांचा आग्रह असतो. मोकळ्या जागी रोपवाटिकेतील रोपे न लावता तेथल्याच बियांतून उगवणाऱ्या रोपांना वाव देणे पसंत केले जाते.