डिलीट करायला गेलो, पण फाइलच नव्हती: जुन्या पेचाची पार्श्वभूमी

काढायची वस्तू जागेवर नसेल तर डिलीट फंक्शनने ते अपयश मानायचं, की काम आधीच झालंय असं समजायचं? युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या, फाइल काढणाऱ्या अनलिंक कॉलने ते अपयश मानलं: फाइल नसली की उत्तर उणे १, आणि एररनो या चुकीचं कारण ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ‘एनोएंट’, म्हणजे ‘अशी फाइल नाही’. रोजच्या वापरात मात्र बरेचदा उलटं हवं असतं, म्हणून फाइल काढणाऱ्या आरएम कमांडला ‘-एफ’ हा पर्याय आहे; तो दिला की फाइल नसल्याची तक्रार येत नाही.

मेमरीतही हाच प्रश्न आला. काही जुन्या सी लायब्रऱ्यांत नल पॉइंटर (कशाकडेच न नेणारा पत्ता) फ्रीला, म्हणजे मेमरी परत करणाऱ्या फंक्शनला, दिला की प्रोग्रॅम कोसळायचा, त्यामुळे प्रत्येक फ्रीआधी ‘नल आहे का’ अशी तपासणी लिहायची सवय पडली. १९८९च्या सी मानकाने नल निरुपद्रवी ठरवला. तोच पॉइंटर दोनदा फ्री करणं मात्र आजही धोक्याचंच.

सर्वात बोधक उदाहरण जावाचं. तिथल्या जुन्या फाइल वर्गातलं डिलीट फक्त खरं किंवा खोटं सांगतं. फाइल नव्हती, परवानगी नव्हती, की फोल्डर रिकामा नव्हता? तिन्हींना उत्तर एकच, ‘खोटं’. २०११च्या जावा ७मध्ये ते दुरुस्त झालं: नवं ‘डिलीट’ कारणानुसार एक्सेप्शन (चूक कळवून काम थांबवणारा इशारा) फेकतं, तर ‘डिलीट-इफ-एक्झिस्ट्स’ फाइल नसल्यास ‘खोटं’ परत करतं. रिकामा नसलेला फोल्डर दिला तर ‘डिलीट-इफ-एक्झिस्ट्स’ही एक्सेप्शनच फेकतं. माफी एकाच कारणाला, आणि हीच या रचनेतली मोलाची गोष्ट.

पायथनमध्ये ३.३ आवृत्तीपूर्वी (२०१२) एररनो न तपासता सगळेच ओएस-एरर (ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेल्या चुका) गिळणारा कोड सर्रास दिसे. त्यात परवानगीची चूकही बुडायची. मग ‘फाइल-नॉट-फाउंड-एरर’ वेगळा झाला आणि ३.८मध्ये पाथच्या अनलिंकला नसलेली फाइल माफ करणारा ‘मिसिंग-ओके’ पर्याय मिळाला.

डॉट नेटमध्ये विसंगती अजून आहे. फाइल नसली तर फाइल-डिलीट गप्प राहतं; पण पाथमधला फोल्डरच नसला तर एक्सेप्शन येतं, आणि नसलेला फोल्डर काढायला गेलं तरी येतंच.

‘आधी एक्झिस्ट्स तपासा, मग डिलीट करा’ या सल्ल्याने प्रश्न सुटत नाही. त्या दोन ओळींच्या मध्ये दुसरी प्रोसेस (चालू असलेला दुसरा प्रोग्रॅम) फाइल उडवू शकते. थेट डिलीट करून नेमकी ‘नव्हती’ हीच चूक पकडावी. बाकी सगळ्या चुका वर जाऊ द्याव्यात.