सायबर सुरक्षा, दैनंदिन व्यवहारातील (मराठवाडा)

संगणक, मोबाईल, त्यांवरून फिरणारी माहिती आणि त्या माहितीच्या आधारे होणारे व्यवहार परक्या हातापासून, फेरफारापासून आणि बंद पडण्यापासून सांभाळण्याच्या व्यवस्थेला सायबर सुरक्षा म्हणतात. शास्त्रात तिची तीन अंगे मानली जातात: गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. मराठवाड्यातल्या वाडीवस्तीवर या तिन्हींचा अर्थ अगदी रोकडा आहे. आधार क्रमांक कोणाकोणाच्या हाती आहे, ही झाली गोपनीयता. पीकविम्याच्या अर्जावरचा खाते क्रमांक आपलाच आहे ना, ही अचूकता. हप्ता आला त्या दिवशी तो हातात पडतो का, ही उपलब्धता.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांत योजनांचा बराचसा पैसा आता थेट बँक खात्यात येतो. २०१९पासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळू लागले आणि २०२३मध्ये राज्याच्या नमो शेतकरी योजनेने तेवढ्याच रकमेची भर घातली. जुलै २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले. शिवाय पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान आणि राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळणारी शिष्यवृत्ती आहेच. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात बियाणे, दवाखाना आणि लेकरांची फी याच पैशांतून भागते. म्हणून खात्यातून दोन हजार जाणे ही इथे किरकोळ फसवणूक ठरत नाही.

ओटीपीचा पेच

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे बँका आणि पोलीस सतत बजावतात. सल्ला बरोबर आहे, पण तो स्वतःचा फोन स्वतः वाचणाऱ्याला उद्देशून आहे. गावात ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी), शेतकरी ओळख क्रमांक, विमा, उत्पन्नाचा दाखला ही कामे सीएससी (सामान्य सेवा केंद्र) किंवा आपले सरकार सेवा केंद्रावर होतात. तिथला चालक म्हणतो, ‘काकू, मोबाईलवर नंबर आला असंल, सांगा बरं.’ तो सांगितल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. सकाळी खऱ्या कामासाठी ओटीपी सांगणाऱ्या बाईने दुपारी बँकेचे नाव घेणाऱ्या चोराला तो नाकारावा, असे वाटत असेल तर दोन्हींतला फरक तिला कोणीतरी दाखवून द्यायला हवा. मराठवाड्यातल्या सायबर सुरक्षेचा खरा प्रश्न हा आहे. इथला डिजिटल व्यवहार एकट्याचा नसतो. घरात मिळून एक मोबाईल, तो वाचणारा बारावीतला मुलगा, केंद्रचालक आणि बँक मित्र (गावात बँकेची कामे करणारा प्रतिनिधी) एवढ्या हातांतून तो जातो, आणि सुरक्षेचा विचार या सगळ्या साखळीचा करावा लागतो.

फरक ओळखण्याची खूण बहुतेक वेळा संदेशातच असते. ओटीपी कशासाठी आहे हे त्यात लिहिलेले असते. संदेशात रुपयांचा आकडा असेल, तर तो ओटीपी पैसे बाहेर पाठवण्यासाठी असण्याची शक्यता मोठी. पण अनेकदा हा मजकूर इंग्रजीत असतो आणि घाईत फक्त सहा अंक वाचून दाखवले जातात. घरात जो वाचतो त्याने आधी सगळा संदेश वाचायचा, मग अंक सांगायचे, एवढी सवय लागली तरी पुष्कळ नुकसान टळते. आपण स्वतः सुरू केलेल्या कामासाठी समोर बसलेल्या ओळखीच्या चालकाला ओटीपी देणे वेगळे. ज्याने आपल्याला फोन केला त्याला तो कधीच द्यायचा नसतो. यूपीआयचा पिनही पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. खात्यात पैसे येण्यासाठी पिन लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतले लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात. तिकडे नवे सिम घेतले जाते, जुन्यावर रिचार्ज होत नाही. सलग ९० दिवस वापर नसलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. आधार आणि बँक खात्याला मात्र तोच जुना नंबर जोडलेला राहतो. मग ओटीपी परक्याच्या फोनवर जातात आणि पैसे कटल्याचा संदेशही त्यालाच मिळतो. नंबर बदलला की बँकेत आणि आधार केंद्रावर तो बदलून घेणे, हे फडावर निघण्याआधीचे काम समजले पाहिजे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते.

अंगठ्याचा व्यवहार

आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून रोकड काढण्याच्या सोयीला एईपीएस म्हणतात. बँकेची शाखा दहा-पंधरा किलोमीटरवर असते तिथे ही सोय मोलाची आहे. वृद्धांना, निराधार योजनेच्या लाभार्थ्यांना गावातच पैसे मिळतात. पण या व्यवहाराला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढेच लागते. पिन नाही, ओटीपी नाही. पिन चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

त्यात फसवणूक दोन वाटांनी होते. पहिली अगदी साधी आहे. ‘थंब आला नाही, परत लावा,’ असे सांगून दुसऱ्यांदा अंगठा घेतला जातो आणि रक्कम दोनदा निघते, किंवा हातात दोन हजार देऊन नोंद तीन हजारांची होते. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांचा ठसा खरोखरच उमटत नाही, त्यामुळे या बोलण्यावर चटकन विश्वास बसतो. प्रत्येक वेळी छापील पावती मागणे, व्यवहार फसला असेल तर तशी पावती घेणे आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून आणणे, हे यावरचे खात्रीचे उपाय. दुसरी वाट म्हणजे खरेदीखतासारख्या नोंदणीकृत दस्तांवरच्या ठशांवरून सिलिकॉनचा अंगठा बनवणे. शेजारच्या तेलंगणात आणि आंध्र प्रदेशात असे प्रकार उघडकीस आले आहेत. आधार प्राधिकरणाने २०२३मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासणारी नवी पद्धत आणली.

आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांवरून होणारी ओळख, ‘लॉक’ करता येते आणि अंगठ्याच्या चोरीवर तो सर्वांत भक्कम उपाय आहे. मात्र एक गोष्ट शहरातून सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. त्याच अंगठ्यावर रेशन दुकानातले धान्य मिळते. लॉक केलेला अंगठा तिथेही चालत नाही. आधी तो थोड्या वेळासाठी उघडावा लागतो आणि त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल जवळ हवा. ज्या घरात कोणी स्मार्टफोन चालवणारे आहे त्यांनी लॉक जरूर करावे. एकट्या म्हातारीला ते करायला सांगणे म्हणजे तिचे रेशन अडकवणे आहे. तिच्या खात्यावरची एईपीएस सोय बँकेत अर्ज देऊन बंद करता येते का, हे विचारणे अधिक व्यवहार्य. ही सेवा देणाऱ्या चालकांची नीट पडताळणी आणि त्यांच्या व्यवहारांवर देखरेख करण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने जून २०२५मध्ये बँकांना दिले असून ते १ जानेवारी २०२६पासून लागू झाले.

एपीके, फोन आणि धाक

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिका अशा नावाची फाईल येते आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ (.apk) असते. ती उघडली की पत्रिका दिसत नाही, अ‍ॅप बसते. ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि मिळाली की ओटीपी परस्पर चोराकडे जातात. पुढे त्याच फोनवरून तीच फाईल सगळ्या ओळखीच्यांना जाते. ती सरपंचांच्या किंवा मामाच्या नंबरवरून आल्याने कोणाला शंका येत नाही. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. तिला अ‍ॅप लागत नाही. चुकून बसलेच तर आधी नेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि मग फोन स्वच्छ करून घ्यावा.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा त्या नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ (.gov.in) असते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार भारतीय बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपले पत्ते ‘बँक डॉट इन’वर (.bank.in) नेणे अपेक्षित होते. पत्ता शेवटाकडून वाचायला शिकवणे शाळेतल्या एका तासात होण्यासारखे आहे.

‘डिजिटल अरेस्ट’ हा प्रकार निवृत्त शिक्षक, कर्मचारी यांच्यावर जास्त चालतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस अटकेची भीती घालून तासन्‌तास बसवून ठेवतो आणि जन्माची पुंजी वळती करून घेतो. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितले होते. असे फोन बहुधा हिंदीत असतात. निजामी राजवटीपासून दखनी-हिंदी कानावर असलेल्या या भागात ‘साहेब हिंदीतच बोलणार’ असे गृहीत धरले जाते आणि परकेपणाची खूण हरवते.

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे नीट-जेईईच्या तयारीसाठी हजारो मुले राहतात. निकालाच्या काळात गुण वाढवून देतो, प्रवेश करून देतो म्हणणारे फोन पालकांना जातात. वाळूज, चिकलठाणा आणि जालन्यातल्या लहान कारखानदारांना पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे खाते बदलले आहे’ असा ई-मेल येतो. पैसे पाठवण्याआधी जुन्या, माहितीच्या नंबरवर फोन करून खात्री करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

पैसे गेल्यावर

पहिले काम म्हणजे १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करणे. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि पैसा ज्या खात्यात थांबलेला असेल तिथे तो रोखला जातो. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात झपाट्याने फिरवतात, म्हणून पहिल्या तासाला फार महत्त्व आहे. तालुक्याच्या बँकेत उद्या जाऊ, आधी घरात विचारू, यात तो तास निघून जातो. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांत तिथे नाव न देता माहिती देण्याची सोय आहे. फोटोवरून धमकावल्या गेलेल्या आणि घरच्यांना सांगू न शकणाऱ्या मुलींसाठी ही सोय शाळा-महाविद्यालयांच्या फलकावर कायम असायला हवी.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाची आणि बँकेचीही चूक नसताना पैसे गेले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच बोजा पडत नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर त्याची जबाबदारी मर्यादित राहते. नेहमीच्या बचत खात्याला ही मर्यादा १०,००० रुपये आहे. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. शाखेत तोंडी सांगून भागत नाही. लेखी अर्जाची पोच घ्यावी.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ६६ क व ६६ ड खाली ओळखचोरी आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी यांना तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. या साखळीत गावाकडची पोरेही सापडतात. थोड्या कमिशनसाठी खाते, एटीएम कार्ड आणि सिम ‘भाड्याने’ दिले जाते आणि चोरीचा पैसा त्यातून फिरतो. मग खाते गोठते, परराज्यातले पोलीस दारात येतात आणि खातेदारच आरोपी होतो.

केंद्रावर दिलेल्या आधारच्या झेरॉक्स आणि स्कॅन प्रती तिथल्या संगणकात वर्षानुवर्षे पडून राहतात. असे अनेक संगणक जुन्या विंडोजवर चालतात; विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ने काम संपल्यावर माहिती पुसण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याने लागू होत आहेत. तोवर जिथे चालेल तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे आणि झेरॉक्सवर काम व तारीख लिहून सही करावी.