गाठ, रक्तवाहिन्या आणि बुडबुडे : स्तनाच्या कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीची पार्श्वभूमी

स्तनातली गाठ पाण्याची आहे की घट्ट, हे साध्या सोनोग्राफीत बहुतेक वेळा चटकन कळतं. घोडं अडतं ते पुढे: घट्ट गाठ साधी की कर्करोगाची? जॉन वाइल्ड आणि जॉन रीड यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिनेसोटामध्ये स्तनावर ध्वनिलहरी सोडून पाहिल्या, त्या याच प्रश्नापायी. १९९५ साली स्टॅव्हरोस आणि सहकाऱ्यांनी ७५० घट्ट गाठी तपासून कडा, आकार, मागे पडणारी सावली अशा खुणा पक्क्या केल्या. आजही रेडिओलॉजिस्ट त्याच खुणा शोधतात. पण या सगळ्या गाठीच्या रूपाच्या खुणा. तिला रक्त कसं मिळतं, ते त्यातून कळत नाही.

आणि रक्ताचा मुद्दा किरकोळ नव्हता. गाठीला काही मिलिमीटरपलीकडे वाढायचं तर नव्या रक्तवाहिन्या लागतात, असं अमेरिकी शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं. रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीला मोठ्या वाहिन्या दिसतात. केसासारख्या बारीक वाहिन्यांतलं संथ रक्त त्याच्या हाती लागत नाही.

त्यावरचा उपाय, म्हणजे रक्तात बारीक बुडबुडे सोडून केलेली कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी, हृदयाच्या तपासणीतून आला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे ग्रॅमियाक आणि शहा यांनी १९६८ मध्ये नोंदवलं की, महाधमनीत इंजेक्शन देताना पडद्यावर प्रतिध्वनींचा ढग उमटतो. तो ढग बारीक बुडबुड्यांचा होता. मात्र साध्या हवेचे बुडबुडे रक्तात लगेच विरघळतात. म्हणून आधी त्यांना अल्ब्युमिन या प्रथिनाचं कवच दिलं गेलं, मग आत हवेऐवजी सहज न विरघळणारा जड वायू भरला गेला. २००१ मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या सोनोव्ह्यू या बुडबुड्यांच्या औषधात सल्फर हेक्साफ्लोराइड हा असा वायू असतो. हे बुडबुडे लाल पेशीहून लहान असतात, रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत आणि वायू श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडावर भार नाही.

यकृतासाठी हे तंत्र झपाट्याने रुळलं. युरोपातली पहिली मार्गदर्शक तत्त्वं २००४ ची, आणि तीही यकृताचीच. स्तन मागे राहिला याचं कारण मला तरी वैद्यकापेक्षा भौतिकशास्त्रात दिसतं. हे बुडबुडे साधारण तीन-चार मेगाहर्ट्झच्या आसपास जोमाने थरथरतात, पोटाच्या प्रोबला (सोनोग्राफीत अंगावर फिरवतात त्या उपकरणाला) अगदी सोयीचं. स्तनाचा प्रोब दहा-बारा मेगाहर्ट्झचा किंवा त्याहून वरचा. सूरच जुळत नाही. म्हणून इथे औषध जास्त लागतं: यकृताला बहुधा २.४ मिलिलिटर पुरतं, तिथे स्तनासाठी सहसा ४.८. आवाजाचा जोरही कमी ठेवावा लागतो, नाहीतर बुडबुडे फुटतात. जपानमध्ये सोनाझॉइड या अशाच दुसऱ्या औषधाला स्तनातल्या गाठींसाठी मान्यता मिळाली ती २०१२ मध्ये; यकृतासाठी ते तिथे २००७ पासूनच वापरात होता.

कर्करोगाची गाठ सहसा लवकर आणि जोरात उजळते, साध्या चित्रातल्यापेक्षा मोठी दिसते, तिच्या आत वाकड्यातिकड्या वाहिन्या शिरलेल्या असतात, मध्येच रक्त न पोचलेली जागाही असते. पण तरुण मुलीतला भरपूर रक्तपुरवठ्याचा फायब्रोअ‍ॅडिनोमाही (कर्करोग नसलेली साधी गाठ) झटकन उजळतो, आणि काही कर्करोग मंदच राहतात. त्यामुळे बायोप्सी टळलेली नाही. फार तर सुई कुठे घालायची हे नेमकं ठरतं, म्हणजे मेलेल्या भागाऐवजी रक्त खेळत असलेल्या भागात.

पुढे ब्रिटनमध्ये मेडस्टोन इथल्या गटाने हेच बुडबुडे शिरेत न देता स्तनाग्राभोवतीच्या त्वचेत टोचले. ते लसीकावाहिन्यांतून काखेतल्या पहिल्या लसीकाग्रंथीपर्यंत, म्हणजे कर्करोग पसरला तर सहसा आधी जिथे जातो तिथे, पोचतात, आणि तिथून शस्त्रक्रियेआधीच सुईने नमुना घेता येतो.