दुर्मीळ आजारांची नोंदणी: आकड्यापेक्षा तारखा महत्त्वाच्या

दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय नोंदणीत रुग्णांचा आकडा वर्षागणिक चढताना दिसला, तरी आजार वाढला असे समजण्याची घाई नको. बहुतेकदा वाढलेल्या असतात त्या चाचण्या. नोंदणीतून खरे काही कळायचे असेल तर प्रत्येक रुग्णाच्या चार तारखा हव्यात: पहिले लक्षण, पहिला डॉक्टर, पक्के निदान आणि उपचाराची सुरुवात. यातली पहिलीच बहुधा कोरी राहते, आणि मग निदान लवकर होऊ लागले की नाही हे सांगताच येत नाही.

गोशे आजाराचे पाहा. ग्लुकोसेरेब्रोसिडेझ हे विकर (एन्झाइम) कमी पडल्याने मेदद्रव्य पेशींत साचते. पानथरी वाढते, प्लेटलेट उतरतात, हाडे दुखतात. इंदूरला रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या मुलाचे पोट असे वाढले की आधी मलेरिया आणि रक्ताचा कर्करोग तपासतात. ते बरोबरच आहे. पण दोन्ही नाहीत असे कळल्यावर विकराची चाचणी लगेच व्हायला हवी. वेळ वाया जातो तो इथे.

या चाचणीला नमुनाही नीट लागतो. फिल्टर कागदावरचे रक्ताचे थेंब सावलीत, कार्ड आडवे ठेवून, तीन-चार तास वाळवायचे आणि ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत घालायचे. पावसाळ्यात दमट कार्ड कुरियरने गेले तर विकर निकामी होते आणि निरोगी मूल आजारी ठरू शकते. याच्या उलट, नुकतेच रक्त चढवले असेल तर दात्याच्या पांढऱ्या पेशी आजार झाकू शकतात. त्यामुळे रक्त चढवल्याची तारीख अर्जावर लिहायलाच हवी. कार्डावरचा निकाल फक्त संशय दाखवतो. खात्री होते ती हेपारिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीतल्या ताज्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरून आणि हे विकर बनवणाऱ्या जीबीए१ जनुकाच्या तपासणीतून.

इंदूरचे कुटुंब कधी भोपाळच्या एम्सला जाते, कधी मुंबईच्या केईएमला. दोन्हीकडे नोंद झाली आणि ओळख जुळवली नाही, तर एक मूल दोनदा मोजले जाते. राहण्याचा जिल्हा लिहिला नाही, तर नकाशावर इंदूर रिकामे दिसते.

उपचारांच्या नोंदीत वजन आणि मात्रा दोन्ही हवीत. इमिग्लुसेरेझ (कमी पडलेल्या विकराच्या जागी शिरेतून देतात ते औषध) किलोमागे ६० युनिट या मात्रेने दर दोन आठवड्यांनी दिले, तर ३० किलोच्या मुलाला १,८०० युनिट लागतात, म्हणजे ४०० युनिटच्या साडेचार कुप्या. वर्षाला असे २६ डोस, आणि तेही जन्मभर. मूल वाढते तशी मात्रा वाढते. दुर्मीळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातली रुग्णामागची मदत २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली, पण जन्मभराच्या औषधाला ती रक्कम कधीतरी संपतेच. म्हणून औषध थांबल्याची तारीख आणि कारण (निधी संपला, औषध मिळाले नाही, मृत्यू, कुटुंबाचा निर्णय) यांना नोंदणीत वेगळे रकाने हवेत. ते कोरे राहिले, तर औषध बंद झालेले मूल पुढच्या वर्षीच्या तक्त्यातही ‘उपचार सुरू’ या गटातच मोजले जाते.