न्गुगींना तुरुंगात कशामुळे जावं लागलं?

केनियाचे लेखक न्गुगी वा थियोंगो यांना 'पेटल्स ऑफ ब्लड' या इंग्रजी कादंबरीमुळे तुरुंगवास झाला, असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. 1977 साली त्या कादंबरीचं प्रकाशन खुद्द अर्थमंत्री म्वाई किबाकींच्या हस्ते झालं होतं!

सरकारला टोचलं ते त्याच वर्षीचं गिकुयू या केनियातल्या स्थानिक भाषेतलं नाटक, 'न्गाहिका न्देंदा'. न्गुगी वा मिरी या नावाच्याच दुसऱ्या लेखकासोबत लिहिलेलं. लिमुरूजवळच्या कामिरिइथू गावातल्या शेतमजुरांनी आणि कारखान्यातल्या कामगारांनी खुलं नाट्यगृह स्वतः उभारलं, तालमींत संवाद दुरुस्त केले. गोष्ट किगूंडा या मजुराची. दीड एकराचा जमिनीचा कागद त्याने जिवापाड जपलाय, आणि श्रीमंतांचा डोळा नेमका त्यावरच. प्रेक्षकांना हे घरचंच दुखणं वाटलं. इंग्रजी कादंबरी वाचणारे मूठभर. हे मात्र गावच्या गाव बघायला लोटलं. मला खरी ठिणगी इथेच दिसते.

साधारण सहा आठवड्यांत प्रयोगांवर बंदी आली. वर्ष संपता संपता न्गुगी वा थियोंगोंना खटल्याविना कामिती तुरुंगात डांबलं. तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर पुढची कादंबरी लिहिली, तीही गिकुयूतच. डिसेंबर 1978 मध्ये ते सुटले. ते नाट्यगृह 1982 साली पोलिसांनी जमीनदोस्त केलं.