जोंगाच्या टॅपेट कव्हरवरचं नाणं

"चार लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर, आणि ताकद किती, तर एकशे दहा अश्वशक्ती! मामा, माझी बाराशे सीसीची टर्बो गाडी याहून जास्त देते."

भाच्याचं हे वाक्य मी फोंड्याजवळच्या एका गॅरेजात ऐकलं. जुलैचा महिना होता, वर पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि समोर लष्करी लिलावातून आलेली एक जोंगा, सैन्याची जीपसारखी गाडी, उभी होती. मालक पणजीला गेलेला. मेस्त्रींनी बॉनेट उघडून ठेवलं होतं. भाच्याचा हिशेब चुकीचा नव्हता, पण हे इंजिन कमकुवत, हा त्यातून त्यानं काढलेला निष्कर्ष मला पटेना. म्हणून हा लेख.

आधी ओळख. जोंगा हे नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून पडलं: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली. गाडी मुळात निस्सान पेट्रोल. यातलं 'पेट्रोल' म्हणजे गस्त, इंधन नव्हे, जरी ती इंधन भरपूर पिते. १९६९ पासून ती जबलपूरला बनू लागली. सैन्यानं तिच्यावर माणसं वाहिली, सामान वाहिलं, १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफही बसवली. इंजिन ३९५६ सीसी, सहा सिलिंडर एका ओळीत, व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या धडात, तिथून वर व्हॉल्व्हपर्यंत पुशरॉड, आणि हवेत पेट्रोल मिसळणारा एक कार्ब्युरेटर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८५.७ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ११४.३. यातला ११४.३ हा आकडा मला फार आवडतो, कारण तो बरोबर साडेचार इंच आहे. जपानी गाडीत इंच आले कुठून?

निस्साननं १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रॅहम-पेज कंपनीकडून एका मोटारीचा आराखडा आणि यंत्रसामग्री विकत घेतली होती. त्यातून जे इंजिन बनलं त्याचा बोअर तीन इंच दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि स्ट्रोक साडेचार इंच. एकूण ३६७० सीसी. पुढे व्हॉल्व्ह बाजूचे उचलून डोक्यावर नेले, बोअर एका सुतानं वाढवला, स्ट्रोक तसाच ठेवला आणि ३९५६ सीसी झाले. ग्रॅहम-पेजच्या मोटारी १९४० मध्ये बंद पडल्या. त्यांचे साडेचार इंच मात्र योकोहामा, जबलपूर असं करत फोंड्याच्या पावसात येऊन उभे होते.

आता ते एकशे दहा. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फेऱ्या. हे इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला ३२०० फेऱ्यांनाच देऊन मोकळं होतं. भाच्याची गाडी तीच ताकद काढायला साडेपाच हजारांवर जाते. फेऱ्या दुप्पट झाल्या की पिस्टनला मागे-पुढे फेकणारं बळ दुप्पट होत नाही, चौपट होतं. तेव्हा 'जुनं लोखंड जाड असायचं, म्हणून टिकतं' हे गॅरेजातलं आवडतं वाक्य अर्धंच खरं. लोखंड जाड आहेच, पण मुख्य म्हणजे त्याच्याकडून फारसं कुणी काही मागत नाही.

मेस्त्रींनी इंजिन चालू केलं. मी खिशातून जुनं जाड पाच रुपयांचं नाणं काढलं आणि टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावर, कडेवर उभं केलं. भाच्याला दाखवायचं होतं की चालत्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर नाणं उभं राहतं.

नाणं पडलं.

पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. भाचा काही बोलला नाही, हे त्याचं सौजन्य. ते का पडलं त्याकडे येतोच, पण ते उभं का राहायला हवं होतं हे आधी सांगतो.

पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. त्याला थांबवायला आणि पळवायला जे बळ लागतं त्याची प्रतिक्रिया ब्लॉकला बसते. शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर असतात तेव्हा दोन खाली असतात. वाटतं, हिशेब मिटला. पण मिटत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. पिस्टन क्रँकला, म्हणजे खालच्या फिरणाऱ्या दांड्याला, सरळ जोडलेला नसतो, मध्ये कनेक्टिंग रॉड असतो आणि तो तिरका होतो. हा रॉड क्रँकच्या भुजेच्या चौपट लांब आहे असं धरू. ११४ मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये क्रँक वरून पहिली पाव फेरी फिरतो तेव्हा पिस्टन ५७ नव्हे, ६४ मिलिमीटर खाली आलेला असतो. पुढच्या पाव फेरीत उरलेले फक्त ५०. म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला झपकन वळतो आणि खालच्या टोकाला रेंगाळतो. वरच्या दोघांचा हिसका खालच्या दोघांहून मोठा पडतो, आणि हा फरक एका फेरीत दोनदा इंजिनाला वर-खाली हलवतो. कुळ्याहून जीपनं दूधसागरला गेला असाल तर हा फरक तुमच्या गुडघ्यांनी अनुभवलेला आहे. त्या जीपगाड्या बहुतेक चार सिलिंडरच्या डिझेलवर चालतात. गाडी उभी असताना आरशात मागचा डोंगर पाहा, थरथरत असतो.

सहा सिलिंडरमध्ये काय होतं? जमिनीवर एक लोखंडी कडी ठेवा, तिला तीन दोर बांधा, आणि तीन मुलांना १२० अंशांच्या अंतरानं उभं करून सारख्या जोरानं ओढायला सांगा. कडी जागची हलणार नाही. सहा सिलिंडरच्या क्रँकच्या भुजा अशाच असतात: ०, १२० आणि २४० अंशांवर, प्रत्येक ठिकाणी दोन पिस्टन. फेरीला एकदा येणारा हिसका त्यामुळे शून्य. आता फेरीला दोनदा येणारा. त्यासाठी प्रत्येक कोन दुप्पट करा: ०, २४०, ४८०. यातला ४८० म्हणजे एक फेरी सोडून १२०. पुन्हा तीन मुलं, तीन दिशा, पुन्हा शून्य! चार सिलिंडरचं हेच करून पाहा: ०, १८०, १८०, ०. दुप्पट केले की ०, ३६०, ३६०, ०, म्हणजे चारही मुलं एकाच बाजूनं ओढताहेत.

तिप्पट केलं तर? ०, ३६०, ७२०. इथे सहाही जण एका दिशेला येतात. पण पिस्टनच्या गतीचं गणित मांडलं की त्यात एकपट, दुप्पट, चौपट, सहापट अशीच पदं निघतात, तिप्पट येतच नाही. चौपटीला पुन्हा शून्य. सहापटीला सगळे एकवटतात, पण ते पद इतकं चिमुकलं असतं की त्यानं नाणं पडत नाही. (इथे ज्यांचं बोट सुटलं असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदात भेटावं, काही बिघडत नाही.) शिवाय पहिला आणि सहावा पिस्टन एकत्र हलतात, दुसरा-पाचवा एकत्र, तिसरा-चौथा एकत्र. इंजिनाच्या मध्यावर आरसा ठेवल्यासारखी ही रचना आहे, म्हणून पुढचं टोक वर आणि मागचं खाली अशी झोक्याची हालचालही उरत नाही. हे सगळं जादा वजनं, जादा शाफ्ट न लावता, नुसत्या मांडणीतून मिळतं.

मग नाणं का पडलं? कारण हा तोल हलणाऱ्या भागांचा आहे, स्फोटांचा नव्हे. सहा सिलिंडरमध्ये दर १२० अंशांनी एक सिलिंडर पेटतो; रूढ क्रम १-५-३-६-२-४. एकाचा धक्का ओसरायच्या आत दुसऱ्याचा सुरू झालेला असतो. नदीतल्या गोट्यांवरून रांगत जाताना गाडी आचके देत नाही ती यामुळेच. पण यातला एक पेटला नाही, तर दर दोन फेऱ्यांनी एक खड्डा येतो आणि सगळं इंजिन कुशीवर हिसका घेतं.

मेस्त्रींनी क्षणभर कान दिला आणि म्हणाले, "एक मिस मारता." मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, आवाज पडला. दुसरी, आवाज पडला. पाचवी काढली तेव्हा काहीच फरक नाही. म्हणजे पाचवा आधीच झोपलेला. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली तर आत दमट वाफ आणि पाचव्या टोकावर हिरवट मळ. किनाऱ्याजवळच्या हवेत, पावसाळ्यात, पितळ-तांब्याचं हे ठरलेलंच. कोरडं फडकं, मग पॉलिश पेपरचा तुकडा, दोन मिनिटांचं काम.

जुन्या गाड्यांचे भक्त ही बाजू सांगत नाहीत. अशा इंजिनाचं लोखंड दमत नाही, पण त्याच्या भोवतीची भुरटी मंडळी सतत रुसतात: पॉइंट, कंडेन्सर, टोपी, पंपाचा पडदा. लांबलचक हेड एकदा तापून वाकलं की गॅस्केट कितीही नवं घाला, पुन्हा फुटतं. मध्यावर एकच कार्ब्युरेटर असल्यामुळे टोकाच्या पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरला पेट्रोल सारखं पोचत नाही. लांब क्रँकशाफ्ट कापड पिळावं तसा किंचित पिळला जातो. आणि लिटरला चार-पाच किलोमीटर! चोर्ला घाट चढताना काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

आता इंधनाचंच. भारतात शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. ते शिसं ओतीव लोखंडाच्या व्हॉल्व्ह सीटवर पातळ थर धरायचं आणि तिची झीज रोखायचं. सीट झिजली की व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी होते, म्हणून अशा गाडीत ती फट मोजणारा फिलर गेज हाताशी हवा. २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर आलं आणि गदारोळ उडाला. 'इंजिन फुटेल' हे खोटं, 'काहीच होत नाही' हेही खोटं. लिटरमागे ऊर्जा सुमारे सहा-सात टक्के कमी मिळते. ठरीव जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राच्या) कार्ब्युरेटरला मिश्रणात प्राणवायू वाढलाय हे कळत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. जुन्या धाटणीचं रबर आणि कॉर्क फुगतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाण्याला काय तोटा! क्रँक, पिस्टन, तो सुंदर तोल, यांना यातलं काहीच शिवत नाही. नवा पडदा, नव्या नळ्या, जेट थोडा मोठा, एवढ्यावर भागतं.

नळीवर चुंबक बसवून मायलेज वाढवणारे मात्र अजून भेटतात. त्या जोंगालाही एक होता. म्हणे पेट्रोलचे रेणू रांगेत उभे राहतात. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की रांग सोडा, कुणी मानसुद्धा वळवत नाही. समोर बंपरला लिंबू-मिरची टांगली होती. तिच्यात निदान क जीवनसत्त्व तरी होतं. मेस्त्रींनी चुंबक काढून खिडकीच्या गजाला चिकटवला आणि त्यावर आपले स्क्रू लावले.

पाचवी वायर पुन्हा लावली, स्टार्टर मारला. आवाज आता वेगळा होता, रेशीम ओढल्यासारखा. या वेळी नाणं भाच्यानंच उभं केलं. हात सैल सोडताना त्यानं श्वास रोखला होता. नाणं उभं राहिलं, किंचित गुणगुणत, कव्हरवर इंचभर सरकत. मेस्त्रींनी हळूच ॲक्सिलरेटरची दांडी ओढली. नाणं घरंगळलं आणि मडगार्डच्या फटीत गेलं. ते अजून तिथेच आहे.