पोथीला अनुदान, दप्तराला नाही : हस्तलिखित जतनाची पार्श्वभूमी

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हस्तलिखितांच्या राष्ट्रीय मोहिमेची तरतूद 3.5 कोटींवरून 60 कोटी रुपयांवर गेली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, जतन आणि डिजिटायझेशन असे उद्दिष्ट जाहीर झाले. पैसा वाढला तसा एक जुना प्रश्नही पुन्हा वर आला: हस्तलिखित म्हणायचे कशाला?

सरकारी खर्चाने पोथ्या जमवायला 1868 मध्ये सुरुवात झाली. पुढच्या काही दशकांत मुंबई इलाख्याच्या संग्रहात 17 हजारांवर पोथ्या आल्या. त्या आधी मुंबईच्या आणि मग पुण्याच्या एका कॉलेजात राहिल्या. 1918 मध्ये पुण्यातल्याच एका नव्या संशोधन संस्थेकडे सोपवल्या गेल्या आणि देखभालीसाठी वर्षाला 3 हजार रुपये मंजूर झाले.

खरी मेख 2003 ची आहे. केंद्राने ही राष्ट्रीय मोहीम सुरू केली तेव्हा निकष ठरले: हाताने लिहिलेले, किमान 75 वर्षे जुने, शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाचे. पण त्यात ‘ज्ञान’ हवे. फर्माने (राजाज्ञा), महसुली कागद, शिलालेख बाहेर, कारण ते इतिहासाची साधने, ग्रंथ नव्हेत. गंमत अशी की 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 75 वर्षांची हीच मुदत हस्तलिखितांबरोबर अभिलेख (जुन्या कारभाराच्या नोंदी) आणि इतर दस्तऐवजांनाही आहे. मोहिमेने मुदत घेतली, अभिलेख मात्र सोडले.

इतर प्रांतांत याची झळ कमी बसली असेल. महाराष्ट्रात घराघरांत उरले आहेत ते महजर (वादाचे निवाडे), सनदा, इनामांचे कागद, जमाखर्च, आणि तेही मोडी लिपीत. एकाच रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, ज्ञानेश्वरीची नक्कल आणि वतनाच्या भांडणाचा महजर निघाला, तर नोंद पहिलीची होणार. निकषामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. महसुली दप्तरे, म्हणजे कागदपत्रांचे संग्रह, आत घेतली असती तर एकट्या पेशवे दप्तरानेच सगळी तरतूद गिळली असती, आणि सरकारी कागद सांभाळायला अभिलेखागारे आहेतच. पण पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात आहे, देशमुख-कुलकर्ण्यांच्या माळ्यावरचे दप्तर नाही. अभिलेखांच्या बाजूने खासगी संग्रहांना मदत देणारी वेगळी योजना आहे खरी, पण तिथे खर्चातला काही वाटा अर्जदाराने उचलायचा असतो. शिवाय कागदांची यादी करायची तर मोडी वाचणारा माणूस हवा.

वाचकांपर्यंत पोचण्याची गत आणखी वेगळी. 2025 च्या सुरुवातीपर्यंत मोहिमेत सुमारे 52 लाख हस्तलिखितांची माहिती नोंदली गेली, त्यांपैकी 3 लाखांच्या आसपास स्कॅन झाली. मोहिमेच्या संकेतस्थळावर तेव्हा चढली होती 1.3 लाख, आणि त्यातली कुणालाही उघडून पाहता येतील अशी होती जेमतेम 70 हजार. बहुतेक पोथ्या मठांच्या, देवळांच्या, घराण्यांच्या मालकीच्या आहेत. मालक जतनाला होकार देतात, आंतरजालावर टाकायला कचरतात. मोहिमेच्या जुन्या अनुदानाचा भर मोजणी आणि जतनावर राहिला. पोथी वाचकाला खुली करण्याची अट त्यात कधी ठळक नव्हती.